पाहुण्यांना बाहेर जेवावयास नेताना

उन्हाळा लागला की जर्सी सिटीतील आपल्या घरांना पाहुण्यांची चाहूल लागते. कोणी मॉरिशसहून लेकीच्या बाळंतपणासाठी येते, कोणी गयानाहून भाच्याच्या लग्नाला येतो, तर हॉलंडमध्ये स्थायिक झालेला एखादा सूरीनामी स्नेही वाट वाकडी करून दोन दिवस भेटून जातो. पहिल्या दिवशी घरी वरणभात, पुरी, खीर असा साग्रसंगीत बेत होतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळ झाली की यजमान व यजमानीण स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हलक्या आवाजात एकमेकांना विचारतात, "आज ह्यांना जेवावयास कोठे न्यावे?"

आपल्या मंडळातील काही वडीलधाऱ्या मंडळींना हा प्रश्नच मुळी अप्रशस्त वाटतो. घरी आलेल्या पाहुण्यास हॉटेलात नेणे म्हणजे त्याला दारातून परत पाठविण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ह्याच विषयावर बराच वाद झाला. त्या वादात जे बोलावयाचे राहून गेले, ते येथे मांडण्याचा विचार आहे.

माझे मत वडीलधाऱ्यांच्या नेमके उलट आहे. पाहुण्यास बाहेर जेवावयास नेणे हा आतिथ्यातील उणेपणा नव्हे; कित्येकदा खरे आतिथ्य तेथेच घडते. बारा-बारा वर्षांनी भेटणाऱ्या दोन बहिणी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. एक दिवाणखान्यात बसलेली असते, दुसरी चुलीपुढे उभी असते. जिला भेटण्यासाठी पाहुणी अर्धी पृथ्वी ओलांडून आली, तिचा आवाज तिला फोडणीच्या चुरचुरीतूनच ऐकावा लागतो. जेवणे आटोपली की भांडी, भांडी आटोपली की सकाळच्या न्याहारीची तयारी. चौथ्या दिवशी पाहुणी विमानात बसते, तेव्हा दोघींच्या मनातले बोलणे मनातच राहिलेले असते. विदुराच्या घरच्या कण्या श्रीकृष्णाला दुर्योधनाच्या पक्वान्नांहून गोड लागल्या, ही कथा अशा वेळी हमखास सांगितली जाते. कथा सुंदरच आहे. पण त्या कण्या शिजविणारीला पंक्तीस बसावयास मिळाले की नाही, हे सांगणारा कथेकरी अजून मला भेटावयाचा आहे.

शिवाय 'आपल्यात बाहेर जेवण्याची रीत नव्हती' हे विधान गिरमिटियांच्या पणतवंडांनी करावे, ह्याचे मला नवल वाटते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाज पोर्ट लुई बंदरास लागले, तेव्हापासून कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तीन बंदरांतून आपले पूर्वज बेटांवर व वसाहतींत गेले. त्या जहाजांवर जातवार चुली मांडावयास जागा नव्हती. जे शिजे ते सर्वांसाठी शिजे. त्यातूनच 'जहाजभाई' हे रक्ताच्या नात्याइतके घट्ट नाते जन्मास आले. इकडे मायदेशी काय चालले होते? १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी पाद्र्यांच्या घरचा चहा घेतला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्या पेलाभर चहावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा खल पुढे कितीतरी दिवस चालला. पुण्यातले विद्वान एका चहाच्या पेल्यावरून असे हैराण होत होते, त्याच्या कितीतरी आधी कोकणातला व घाटावरचा निरक्षर शेतकरी समुद्रावर सर्वांबरोबर एकाच भांड्यातले अन्न जेवून मोकळा झाला होता. ह्या सुधारणेबद्दल त्याचे नाव कोणत्याही इतिहासात नाही. त्याला निवडही नव्हती, हेही खरे.

त्याच कोकणातले जे भाऊ जहाजावर चढले नाहीत, ते मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि तेथे खानावळीत जेवू लागले. गिरणगावातील ह्या खानावळी बहुधा बायकाच चालवीत. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत वीस-पंचवीस गड्यांचे जेवण. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन करून अशा खानावळवाल्या बायकांना संघटित केले. तात्पर्य, घराबाहेर पडलेल्या मराठी माणसाचे पोट दुसऱ्याच्या चुलीनेच सांभाळले आहे. तो रिवाज जुना आहे. त्याची लाज कोणी बाळगू नये.

आता जर्सी सिटीकडे वळू. जर्नल स्क्वेअरच्या पाथ स्थानकावर उतरून थोडे चालले की न्यूअर्क अॅव्हेन्यूवर 'इंडिया स्क्वेअर' लागतो. केनेडी बुलेव्हार्डपासून टोनेल अॅव्हेन्यूपर्यंतच्या त्या टापूत डोशाची उपाहारगृहे, गुजराथी मिठाईवाले, वाण्यांची दुकाने, साड्यांची व सोन्याची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तव्यावरच्या डोशाचा वास आणि उदबत्तीचा वास रस्त्यावर एकमेकांत मिसळतात. बेटांवरून प्रथमच आलेला पाहुणा येथे क्षणभर गोंधळतो. अमेरिकेत उतरलो की पणजोबांच्या देशात, असे त्याला वाटते.

ह्या रस्त्याची दुसरी बाजूही पाहुण्यास सांगावी. १९८७ च्या उन्हाळ्यात 'डॉटबस्टर्स' असे नाव घेतलेल्या टोळीचे धमकीचे पत्र त्या वेळच्या 'जर्सी जर्नल' पत्रात छापून आले. कपाळावरच्या कुंकवावरून त्यांनी ते नाव घेतले होते. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी हा तरुण पारशी गृहस्थ मित्राबरोबर सायंकाळ घालवून परतत असता त्याला रस्त्यात मारहाण झाली आणि तीत तो मरण पावला. पाठोपाठ कौशल सरन ह्या डॉक्टरांवर जर्सी सिटीत हल्ला झाला. त्या दिवसांत रात्री कुटुंबासह बाहेर जेवावयास जाणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढे १९९० साली न्यू जर्सी राज्याने द्वेषापोटी केलेल्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा केला. आज त्याच शहरात कुंकू लावलेल्या बायका दिव्यांच्या उजेडात, रस्त्याकडेच्या काचेलगत बसून निर्धास्तपणे जेवतात. काकूंना हॉटेलचे अन्न पचो न पचो, हे दृश्य त्यांना अवश्य दाखवावे.

आणखी मागे जावयाचे तर डॉ. आनंदीबाई जोशी. जून १८८३ मध्ये त्या अमेरिकेत उतरल्या आणि ह्याच न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे पाहुण्या म्हणून राहिल्या. मांसाहार त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. यजमानीण अत्यंत प्रेमळ होती. पण ह्या अठरा वर्षांच्या मुलीला ओळखीच्या चवीचे चार घास विकत मिळतील अशी एकही जागा त्या काळी ह्या किनाऱ्यावर नव्हती. फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली त्यांनी डॉक्टरीची पदवी मिळविली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला. वर सांगितलेल्या पुण्याच्या चहापानातील मंडळींची नावे पुढे जगजाहीर करणारे गोपाळराव हे त्यांचेच पती, ही एक योगायोगाची गोष्ट.

असो. माझा खरा मुद्दा ह्याच्या पुढचा आहे. पाहुण्यांना बाहेर न्यावे, पण यजमानपण घराच्या उंबरठ्यावर ठेवून निघू नये. आपल्यापैकी पुष्कळजण हॉटेलच्या दारात शिरताच यजमान राहत नाहीत, परीक्षेस बसलेले विद्यार्थी होतात. वाढप्यासमोर आपले उच्चार बरोबर येतील का, पाहुणा हाताने जेवला तर बरे दिसेल का, तो क्रिओलमध्ये मोठ्याने हसला तर शेजारच्या टेबलावरील मुंबई-बडोद्याची मंडळी काय म्हणतील, ह्या धास्तीत त्यांचे जेवण संपते.

एक प्रसंग सांगतो. मॉरिशसमधील एक निवृत्त शिक्षक येथील माझ्या एका स्नेह्यांकडे आले होते. आम्ही पाचजण एका उपाहारगृहात बसलो होतो. गुरुजी मराठीत सुरुवात करीत, मध्येच भोजपुरीत शिरत आणि विनोद मात्र क्रिओलमध्ये करीत. वाढपी तरुण गुजराथी होता, सभ्य होता. त्याने कुतूहलाने विचारले, "काका, आपण कुठले? दिसता आपल्याकडचे, पण बोली वेगळीच आहे." गुरुजी अभिमानाने म्हणाले, "मॉरिशस." तो म्हणाला, "ते कुठे आले?" गुरुजी उत्तर देणार, तोच आमचे यजमान घाईघाईने म्हणाले, "मूळचे इंडियाचेच, मूळचे इंडियाचेच!" गुरुजी गप्प झाले. त्यानंतर जेवण संपेपर्यंत ते फक्त मराठीच बोलले आणि फारच थोडे बोलले.

त्या वाढप्याचा काही दोष नव्हता. भूगोल सर्वांनाच येतो असे नाही. पण त्याला सांगता आले असते की, बाबा रे, तुझ्या गुजराथीत शुभ्र साखरेला 'मोरस' म्हणतात ना, ते ह्या काकांच्या बेटाचे नाव! मॉरिशसची साखर जहाजांतून मुंबईच्या बाजारात आली आणि बेटाचे नाव साखरेला चिकटले. ती साखर ज्या उसाची, तो ऊस तोडणारे हात काकांच्या आजोबांचे. त्या रस्त्यावरच्या मिठाईच्या प्रत्येक दुकानातील तबकात आपल्या पूर्वजांच्या घामाचा धागा कोठेतरी आहे. आणि आपण मात्र तेथे बसून 'मूळचे, मूळचे' म्हणत क्षमा मागावी?

ह्या न्यूनगंडाचे मूळ अशा समजुतीत आहे की, हॉटेलच्या तक्त्यावर जे छापले आहे तेच अस्सल भारतीय अन्न आणि आपल्या घरी शिजते ते बाटलेले, विसरलेले, भेसळीचे. मी त्या तक्त्याचा थोडा विचार केला. एका बाजूस 'उत्तर भारतीय', दुसऱ्या बाजूस 'दक्षिण भारतीय', तळाशी 'चायनीज'. रत्नागिरी, सातारा, बिहारचे आरा, ह्यांना त्यात घर नाही. तंदुरी कोंबडीचा हॉटेलांतील बोलबाला झाला तो फाळणीनंतर, पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीत उपाहारगृहे काढली तेव्हा. मंचुरियन हा पदार्थ तर मुंबईतील एका चिनी स्वयंपाक्याने १९७५ च्या सुमारास काढला असे मानतात. आपली डाळपुरी ह्या दोहोंहून वयाने मोठी आहे. त्रिनिदादचा 'डबल्स', म्हणजे दोन मऊ बाऱ्यांमधले चण्याचे कालवण, तोही १९३६ पासून प्रिन्सेस टाउनमध्ये विकला जाऊ लागला, म्हणजे मंचुरियनचा काका शोभेल! मग अस्सल कोणते?

आणि सोवळ्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीचे काय? एकादशीला आपण ती निःशंकपणे खातो. परंतु साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा, कुटातला शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही जिनसा मूळच्या ह्या अमेरिका खंडातल्या. गयानाचे आदिवासी कसावाची भाकरी आपले लोक तेथे जाण्यापूर्वी कितीतरी पिढ्या खात होते. तेव्हा अन्नाच्या शुद्धतेचा फार अभिमान धरणाऱ्याने निदान उपवासाच्या दिवशी तरी मौन पाळावे. (मिरची आली नसती तर आपण जेवलो कसे असतो, ह्या विचाराने मला अधूनमधून धडकी भरते.) आपल्या आज्यांनी वसाहतीत मिळेल त्या डाळीत, मिळेल त्या पिठात जुनी चव शोधली. मापून मिळणाऱ्या तांदळावर, डाळीवर, मिठावर संसार करून सणाच्या दिवशी त्यांनी पोळीत पुरण भरले. ह्याला विसरणे म्हणतात की आठवण ठेवणे म्हणतात?

म्हणून पाहुणा डोसा खात असताना खुशाल म्हणू द्यावे की, आमच्याकडे डाळपुरीची जोडी मिळते, तिच्यात वालाचे कालवण, रुगाय आणि चटणी घालतात, आणि ती उभ्या उभ्या रस्त्यात खातात. शेजारच्या टेबलाने ऐकले तर उत्तमच. यजमानाने अशा वेळी बोलणे बदलू नये. त्यात भर घालावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. कोण काय खातो हे घरूनच विचारून निघावे; गयानाकडील मंडळींना मटणाशिवाय जेवण वाटत नाही आणि न्यूअर्क अॅव्हेन्यूवरील पुष्कळ ठिकाणे शाकाहारी आहेत. बिल कोणी द्यावे ह्यावरून होणारी झटापट दोन फेऱ्यांत संपवावी. तिसरी फेरी झाली की वाढपी मध्ये सापडतो. उरलेले अन्न बांधून घेण्यात काही जणांना कमीपणा वाटतो. ज्यांच्या पणज्यांना आठवड्याचा शिधा मोजून मिळे, त्यांना तरी तो वाटू नये.

बक्षिसीबद्दल मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण ह्या बाबतीत आपल्या लोकांचा लौकिक बरा नाही. बेटांवरून आलेल्या पाहुण्यास येथली चाल ठाऊक नसते आणि आपण यजमानही त्याच्या आड लपतो. न्यू जर्सीत बक्षिसी मिळविणाऱ्या वाढप्यास मालकाने द्यावयाचा किमान रोख पगार कायद्यानेच इतर कामगारांच्या किमान वेतनापेक्षा पुष्कळ कमी ठेवला आहे. उरलेला भाग गिऱ्हाइकाच्या बक्षिसीतून भरून निघेल असे त्यात गृहीत धरलेले आहे. म्हणजे शेकडा पंधरा-वीस ही रक्कम दान नसून त्याच्या मजुरीचाच भाग आहे. मॉरिशसच्या मळ्यांवर 'डबल कट' नावाची पद्धत होती. मजूर एक दिवस गैरहजर राहिला की त्याची दोन दिवसांची मजुरी कापीत. आजारपणसुद्धा मालकाच्या वहीत गैरहजेरीच ठरे. ज्यांच्या घरी ही हकीकत आजोबांच्या तोंडून ऐकली गेली, त्यांनी सव्वादोन तास टेबल अडवून, चार वेळा जादा चटणी मागवून, शेवटी चिल्लर ठेवून उठावे, हे मला सहन होत नाही. ज्याची ऐपत नसेल त्याने दोन पदार्थ कमी मागवावे.

एकाच रस्त्यावर पाहुण्यास दोनदा नेण्याचेही कारण नाही. जर्सी सिटीत फिलिपिनो लोकांची मोठी वस्ती आहे, इजिप्तहून आलेल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचीही आहे. इजिप्शियन उपाहारगृहात 'कोशरी' मिळते. तांदूळ, मसूर, शेवयांसारखे तुकडे आणि वर तळलेला कांदा. पहिला घास घेताच आमच्या गुरुजींनी विचारले, "ही आपली खिचडी इकडे कशी आली?" त्या दिवशी ते पुन्हा तिन्ही भाषांत बोलू लागले होते.

आणि ज्याच्या हाताशी एक पूर्ण दिवस आहे, त्याने पाहुण्यास क्वीन्समधील रिचमंड हिलला, लिबर्टी अॅव्हेन्यूवर न्यावे. तेथे गयाना व त्रिनिदादच्या आपल्या भावंडांची रोटीची दुकाने आहेत. डाळपुरी, बारा, चणा, आंब्याचे आंबट हे सर्व तेथे भरचौकात, मोठ्या अक्षरांच्या पाट्या लावून विकले जाते. 'मूळचे' हा शब्द तेथे कोणी उच्चारीत नाही. मराठी घरातल्या मॉरिशसकराला डाळपुरीची घडी तेथे वेगळी दिसेल, मसाला वेगळा लागेल आणि त्यावर दुकानदाराशी वादही घालता येईल. असा वाद घालण्यासारखी दुसरी मौज नाही. मार्ग सोपा आहे. जर्नल स्क्वेअरहून पाथने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तेथून 'ए' गाडीने शेवटचे लेफर्ट्स बुलेव्हार्ड स्थानक. मात्र प्रत्येक 'ए' गाडी लेफर्ट्सला जात नाही. काही फार रॉकअवेकडे वळतात. तेव्हा डब्यावरची पाटी वाचूनच पाहुण्यांना आत चढवावे, आणि घरून न्याहारी बेताचीच करून निघावे.